मृत्युपत्रातील पंचाहत्तर नाणी

आमच्या महाविद्यालयाच्या वक्तृत्वस्पर्धेत या वर्षी वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने शेक्सपिअरच्या ‘जूलियस सीझर’ या नाटकातील मार्क अँटनीचे भाषण मराठीतून म्हणून दाखविले. मुलगा साधाच, रोज एस. टी. ने येजा करणारा. पण त्या दिवशी त्याने सारे सभागृह मुठीत ठेवले होते. बक्षीससमारंभ आटोपल्यावर तो प्राध्यापकांच्या खोलीत आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकविता म्हणून विचारतो. सीझरच्या मृत्युपत्रातले जे पंचाहत्तर द्राख्म अँटनी लोकांना सांगतो, ते पुढे लोकांना मिळाले का?”

प्रश्न साधा होता. हे नाटक मी पदवीच्या वर्गात असताना प्रथम वाचले आणि त्यानंतरही दोनतीनदा वाचले. परंतु हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. ज्याचा व्यवसायच जमाखर्च शिकविण्याचा, त्याने नाटकातल्या एवढ्या ठळक रकमेकडे कानाडोळा करावा, याची थोडी शरमही वाटली. “उद्या सांगतो,” असे म्हणून मी त्याला वाटेला लावले आणि रात्री पुस्तक पुन्हा उघडले. या खेपेला एकाच प्रश्नाचे बोट धरून वाचले: या नाटकात कोणी कोणाला काय देऊ केले आणि प्रत्यक्षात काय दिले?

हे नाटक १५९९ सालचे. त्या वर्षीच्या २१ सप्टेंबरला थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने थेम्स नदीपलीकडच्या, गवताने शाकारलेल्या नाट्यगृहात सीझरवरील नाटक पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. छापील स्वरूपात ते प्रथम १६२३ मध्ये आले. शेक्सपिअरचा आधार प्लूटार्कच्या चरित्रांचा, आणि तोही थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये फ्रेंचवरून केलेल्या इंग्रजी भाषांतराचा. ज्या लंडनमध्ये हे नाटक झाले तेथील राणी सहासष्ट वर्षांची होती आणि तिने वारस जाहीर केलेला नव्हता. राज्यकर्ता गेल्यावर काय होते, हा प्रश्न त्या प्रेक्षकांना केवळ इतिहासाचा वाटला नसेल.

भाकितावर दिलेली शिक्षा

इ. स. पूर्व ४४ मधील १५ मार्चचा तो खून सर्वांना ठाऊक आहे. खून करणाऱ्यांत सीझरचे केवळ शत्रू नव्हते. ब्रूटस आणि कॅशियस हे दोघेही यादवी युद्धात सीझरच्या विरुद्ध पाँपेच्या बाजूने लढलेले. सीझरने दोघांनाही अभय दिले आणि वर मानाची पदेही दिली. ब्रूटसवर तर त्याचा विशेष लोभ होता. म्हणूनच मरताना त्याच्या तोंडी घातलेले ते तीन लॅटिन शब्द जगभर विश्वासघाताची खूण होऊन बसले आहेत. प्लूटार्कचा सीझर यातले काही बोलत नाही. ब्रूटसच्या हाती शस्त्र पाहताच तो आपला झगा डोक्यावरून ओढून घेतो. तो मुकेपणा मला त्या शब्दांहूनही जड वाटतो.

परंतु नाटकाचे मर्म खुनात नाही. खुनाच्या आदल्या रात्री ब्रूटस आपल्या बागेत एकटाच जो विचार करतो, त्यात आहे. हा उतारा शांतपणे वाचून पाहावा. आपले सीझरशी काही वैर नाही, हे ब्रूटस तेथे मान्य करतो. सीझरने आजवर विवेक सोडून विकाराला वश होऊन काही केल्याचे आपल्याला आठवत नाही, हेही तो मान्य करतो. मग अपराध कोणता? मुकुट मिळाल्यावर तो कदाचित बदलेल, हा. आज जे नाही ते उद्या होईल, म्हणून सर्पाचे अंडे फुटण्यापूर्वीच चिरडावे, असा त्याचा निर्णय. आम्ही अर्थशास्त्राचे लोक भाकितांवर जगतो; आमची भाकिते किती वेळा चुकतात, हेही आम्हाला ठाऊक असते. भाकितावर अंदाजपत्रक मांडता येते, कर्ज देता येते. ब्रूटस भाकितावर मृत्युदंड देतो, आणि दिल्यावर ते भाकीत खरे होते की खोटे, हे तपासण्याची सोयही उरत नाही.

याच सुमारास त्याच्या खिडकीतून चिठ्ठ्या पडू लागतात. त्या रोमच्या नागरिकांनी पाठविल्या आहेत, असे त्याला वाटते. वस्तुतः कॅशियसने निरनिराळ्या वळणाच्या अक्षरांत त्या तयार केलेल्या असतात. मराठी वाचकाला येथे नारायणराव पेशव्यांच्या आख्यायिकेतला ‘ध’ चा ‘मा’ आठवल्याशिवाय राहणार नाही. पण कॅशियसची युक्ती त्याहून सूक्ष्म आहे. त्याच्या चिठ्ठीतली वाक्ये अर्धवट आहेत; गाळलेल्या जागा ब्रूटस स्वतःच भरतो. ज्याला जे ऐकायचे असते त्याला अर्धे वाक्य पुरते. लोकमत म्हणून जे आपल्यापुढे येते त्यात लोक किती आणि मत किती, हा प्रश्न त्या रात्री ब्रूटसला पडला असता, तर नाटक तेथेच थांबले असते.

एक खाजगी आठवण

येथे एक आठवण नमूद करणे मला भाग आहे. बरीच वर्षे झाली. एका शिक्षणसंस्थेत मी तासिका तत्त्वावर काम करीत होतो. ज्यांनी मला एम. ए. ला शिकविले, ज्यांच्या शब्दामुळे ते तास मला मिळाले, ते माझे गुरू तेथेच विभागप्रमुख होते आणि प्राचार्यपदासाठी त्यांचे नाव पुढे आले होते. तेव्हा काही सहकारी एक निवेदन घेऊन माझ्याकडे आले. सर मोठे विद्वान खरे. पण अधिकार हाती आला की ते कोणाचे ऐकणार नाहीत, संस्थेच्या हिताचा विचार करायला हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरांनी काही केल्याची तक्रार त्या निवेदनात नव्हती. ते पुढे काय करतील, याची होती. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी सही केली. आपण कृतज्ञतेपेक्षा तत्त्व मोठे मानले, असे तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटले होते.

सरांना ते पद मिळाले नाही. ज्यांना मिळाले त्यांनी निवेदनात वर्णिलेले सर्व काही वर्षभरात करून दाखविले. निवृत्तीच्या दिवशी सर मला जिन्यात भेटले. त्यांनी एवढेच विचारले, “तू विचार करून सही केली होतीस ना?” मी होय म्हटले. “मग ठीक आहे,” म्हणाले आणि खाली उतरून गेले. ब्रूटसची बाग मी यापूर्वी वाचली होती, तरी ती मला त्या रात्री आठवली नव्हती. या वाचनात मात्र त्या पानावरून पुढे जायला वेळ लागला.

असो. आपल्या निमित्ताने थोर पुस्तके वाचू नयेत हे खरे. पण त्यांच्यापासून अगदी निराळे राहूनही ती वाचता येत नाहीत. याचे एक भयंकर उदाहरण इतिहासात आहे. २५ नोव्हेंबर १८६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये बूथ आडनावाच्या तीन नटबंधूंनी याच नाटकाचा प्रयोग केला. सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरचा पुतळा उभारण्यासाठी निधी जमविणे हा हेतू. त्यांतल्या जॉन विल्क्स बूथने अँटनीची भूमिका केली आणि पाच महिन्यांच्या आत, १४ एप्रिल १८६५ रोजी, अध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली. ज्या कृत्यासाठी ब्रूटसचा गौरव झाला त्याच कृत्यासाठी आपला पाठलाग व्हावा, याचे दुःख त्याने फरारी अवस्थेत रोजनिशीत लिहून ठेवले आहे. त्याने नाटक पाठ केले होते. वाचले होते असे म्हणवत नाही.

भाषणाचा हिशेब

आता त्या विद्यार्थ्याच्या भाषणाकडे वळू. अँटनीला बोलू द्यावे हा निर्णय ब्रूटसचा. कॅशियसचा विरोध त्याने मोडून काढला. मुख्य अट अशी: आम्हाला दोष द्यायचा नाही. ब्रूटस स्वतः आधी बोलतो आणि गद्यात, नेमक्या युक्तिवादाने बोलतो. जमाव त्यावर खूष होतो आणि कोणीतरी ओरडते, की यालाच आता सीझर करा! ज्या गोष्टीसाठी माणूस मारला तीच गोष्ट लोक मारणाऱ्याला बक्षीस म्हणून देऊ करतात. आपल्या बोलण्यातला एकही शब्द पोहोचलेला नाही, हे ब्रूटसला त्या क्षणी कळत नाही, हीच त्याची खरी शोकांतिका होय.

अँटनी पद्यात बोलतो, आणि मृत्युपत्र दाखवून ते वाचायचे नाकारतो. एखाद्या वस्तूची मागणी वाढवायची असेल, तर तिचा पुरवठा रोखावा, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवितो. पुढचे कौशल्य त्याहून मोठे. तो खाली उतरतो, फाटलेला झगा दाखवितो, मग प्रेत दाखवितो. जमाव पेटतो आणि जाळपोळीला निघतोही. मृत्युपत्राचा सर्वांना विसर पडलेला असतो. तेव्हा अँटनीच त्यांना परत बोलावून आठवण करून देतो, आणि प्रत्येक नागरिकाला पंचाहत्तर द्राख्म व टायबरकाठच्या बागा, हा आकडा सर्वांत शेवटी सांगतो. आग आधीच लागलेली असते. आकडा केवळ तिला हक्काचे रूप देतो.

ही रक्कम काही थोडीथोडकी नव्हती. प्लूटार्क रोमचा डेनारियस हा ग्रीक द्राख्माच्या बरोबरीचा धरतो. एका डेनारियसचे चार सेस्टर्स. म्हणजे पंचाहत्तर द्राख्म म्हणजे ३०० सेस्टर्स, आणि रोमन इतिहासकारांनीही हाच आकडा दिला आहे. सीझरने वाढविल्यानंतर साध्या शिपायाचे वर्षाचे वेतन ९०० सेस्टर्स होते. तेव्हा चार महिन्यांचा पगार दर माणशी वाटण्याचे हे वचन होते. परंतु याच सीझरने, स्वेटोनियस सांगतो त्याप्रमाणे, फुकट धान्य मिळणाऱ्यांची यादी ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली होती. अँटनीच्या भाषणात या यादीचा उल्लेख नाही, आणि कसा असेल? मृत्यूनंतरच्या दानाने हयातीतल्या कपातीवर पडदा पडतो.

भाषणानंतर लगेच जमावाला रस्त्यात सिन्ना नावाचा कवी भेटतो. कटवाल्यांतही एक सिन्ना असतो. मी तो नव्हे, मी कवी, असे हा बिचारा सांगतो. नाव तर तेच आहे ना, एवढ्यावर त्याचे तुकडे केले जातात.

वर्गात न वाचलेला प्रवेश

आमच्या वर्गात पुस्तक बहुधा येथेच मिटत असे. भाषण परीक्षेला येई. पुढचा प्रवेश येत नसे. त्या रात्री मी तो प्रथमच नीट वाचला. चौथ्या अंकाचा आरंभ. अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस मेजाभोवती बसले आहेत आणि ज्यांना ठार करायचे त्यांच्या नावांवर खुणा करीत आहेत. लेपिडस आपल्या भावाच्या नावाला मान्यता देतो, त्या बदल्यात अँटनी आपल्या भाच्याचे नाव देतो. ती यादी होताच अँटनी लेपिडसला सांगतो: सीझरच्या घरी जा आणि ते मृत्युपत्र घेऊन ये, देणग्यांचा खर्च कोठे कमी करता येईल ते पाहू.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शेक्सपिअरने येथे देऊन ठेवले होते, आणि तेही जाता जाता, अगदी कार्यालयीन स्वरात. ज्या कागदाने रोम पेटविले, तोच कागद आता खर्चकपातीसाठी मेजावर मागविला जातो. लेपिडस तो आणायला वळतो न वळतो तोच अँटनी त्याच्यामागे त्याची संभावना ओझ्याच्या जनावराशी करतो. एका छोट्या प्रवेशात नातलगांचा, सहकाऱ्याचा आणि लोकांचा असे तीन विश्वासघात उरकतात. आणि यांपैकी लोकांच्या विश्वासघाताला रंगभूमीवर एकही साक्षीदार नाही. सीझरच्या जखमा सर्वांनी मोजल्या. ही जखम कोणी पाहिलीही नाही.

मग ब्रूटसचा पक्ष तरी निर्मळ होता काय? पुढच्याच भागात कॅशियसशी त्याचे कडाक्याचे भांडण होते. तू लाच खातोस, पदे विकतोस, असा आरोप ब्रूटस करतो. आणि त्याच दमात तक्रारही करतो, की माझ्या सैन्याच्या पगारासाठी मी सोने मागितले ते तू पाठविले नाहीस. शेतकऱ्यांच्या घट्टे पडलेल्या हातांतून पैसा पिळून काढणे आपल्याला जमत नाही, असे तो म्हणतो. परंतु दुसऱ्याने तो काढून पाठवावा, याला त्याची हरकत दिसत नाही. सचोटीचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणारी ही माणसे आपल्या परिचयाची आहेत.

इतिहासातला ब्रूटस याहून पुढे गेला होता. सायप्रस बेटावरील सालामिस या नगराला त्याने मध्यस्थांमार्फत कर्ज दिले होते, व्याजाचा दर वर्षाला ४८ टक्के! इ. स. पूर्व ५१ मध्ये सिसेरो त्या प्रांताचा राज्यपाल झाला, तेव्हा त्याने १२ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली होती. त्या दराने नगरवासीयांच्या हिशेबी १०६ टॅलेंट देणे निघत होते. सावकाराच्या हस्तकाची मागणी सुमारे २०० टॅलेंटची होती. याच हस्तकाने पूर्वी घोडदळ घेऊन तेथील नगरसभेला सभागृहात कोंडले होते आणि पाच सभासद उपासमारीने मेले होते. खरा धनको ब्रूटस आहे, हे कळल्यावर सिसेरोला बसलेला धक्का त्याच्या पत्रांत आजही वाचता येतो. त्याने कर्जाची सक्तीने वसुली होऊ दिली नाही. पण नगरवासीयांनाही मोकळे केले नाही. प्रकरण तसेच ठेवून तो परतला. प्लूटार्कने ब्रूटसचरित्रात या व्यवहाराचा उल्लेख केला नाही, म्हणून शेक्सपिअरलाही तो सापडला नसावा. आणखी एक गोष्ट. जिवंतपणी स्वतःचा मुखवटा रोमच्या नाण्यावर उमटवून घेणारा पहिला रोमन सीझर; हाही त्याच्या अहंकाराचा पुरावा मानला गेला. आणि खुनानंतर ब्रूटसने पाडलेल्या प्रसिद्ध नाण्याच्या एका बाजूला दोन खंजीर व त्यांच्यामध्ये स्वातंत्र्याची टोपी आहे, तर दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचा मुखवटा!

ते पैसे मिळाले

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी आला तेव्हा मी त्याला म्हणालो, “अरे, नाटकात पाहशील तर ते कापले गेले. इतिहासात पाहशील तर मिळाले.” दोन्ही उत्तरे खरी आहेत. प्रत्यक्षात अँटनीने टाळाटाळ केली. पण सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियस याने स्वतःची मालमत्ता विकून ते वाटप हाती घेतले. हाच पुढे सम्राट ऑगस्टस झाला. आपल्या कारकिर्दीचा त्याने लिहून ठेवलेला अहवाल अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर कोरलेला आहे. पित्याच्या मृत्युपत्राप्रमाणे आपण दर माणशी ३०० सेस्टर्स दिले, आणि आपली अशी दाने कधीही २,५०,००० हून कमी लोकांना पोहोचली नाहीत, असे तो त्यात नमूद करतो. गुणाकार केला तर कमीत कमी साडेसात कोटी सेस्टर्स होतात.

मुलाचा चेहरा उजळला. “म्हणजे शेवटी लोकांचा फायदाच झाला म्हणायचा!” मी त्याला जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही मांडायला सांगितली. मधल्या काळात यादीत नावे घालून शेकडो सिनेटर व त्यांहून कितीतरी अधिक धनिक मारले गेले. सिसेरो त्यांतच इ. स. पूर्व ४३ मध्ये गेला. पुढच्या वर्षी श्रीमंत स्त्रियांवर कर बसविला, तेव्हा हॉर्टेन्शिया नावाची एक स्त्री भर चौकात उभी राहून विचारती झाली, की ज्या सत्तेत आमचा वाटा नाही तिच्या युद्धांचा खर्च आम्ही का द्यावा? ऑगस्टस इ. स. १४ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी रोममधील अधिकाऱ्यांच्या निवडणुका लोकांच्या हातून काढून सिनेटकडे देण्यात आल्या. लोकांनी त्यावर थोडी कुरबूर केली, एवढेच टॅसिटस लिहितो. ज्यांच्या आजोबांनी पंचाहत्तर नाण्यांसाठी शहर पेटविले, त्या नातवांना मत गेल्याचे एवढेच दुःख झाले.

या नाटकात खलपुरुष कोण, हे शेक्सपिअर सांगत नाही. म्हणूनच ते मारेकऱ्यालाही भावले आणि बंदिवानालाही. रॉबेन बेटावरच्या कैदेत नेल्सन मंडेला यांनी सहबंद्याच्या शेक्सपिअरमधील जी जागा निवडून १६ डिसेंबर १९७७ रोजी आपली सही केली, ती याच नाटकातील, भित्र्यांच्या आणि शूरांच्या मरणाविषयी सीझर बोलतो ती होती. मंडेलांना सीझरच्या तोंडचे निर्भय बोलणे दिसले, बूथला ब्रूटसच्या हातातला सुरा. वाचक जे घेऊन जातो तेच त्याला सापडते, असे म्हणून मात्र या नाटकाला सोडता येत नाही, कारण यात एक गोष्ट प्रत्येकालाच सापडते. रंगमंचावरचा प्रत्येक मोठा माणूस रोमच्या नावाने बोलतो, आणि रोममधले लोक मात्र पहिल्या प्रवेशातल्या चांभार-सुतारांपासून शेवटपर्यंत कोणाच्या तरी पाठीमागे धावत असतात.

तो मुलगा उठला आणि दाराशी थांबून म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी स्पर्धेत मी तो चौथ्या अंकातला प्रवेश घेऊ का? पण त्याला टाळ्या पडणार नाहीत.” मी म्हणालो, नाही पडणार. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “तरी घेतो.” मला वाटते, सरांच्या त्या जिन्यातल्या प्रश्नाला यापेक्षा बरे उत्तर माझ्याजवळ आजवर नव्हते.